दुसरं इंजिन चालू होतं ना?

१. साधा वाटणारा प्रश्न

विमान पडल्याची बातमी येते, खाली ‘एका इंजिनात बिघाड’ असं छापलेलं असतं, आणि वाचणारा पेपर खाली ठेवून विचारतो: दोन इंजिनं होती ना? एक गेलं तर दुसऱ्यावर आणायचं होतं की खाली!

असं विचारणाऱ्याला अडाणी समजायचं काही कारण नाही. १९३२ साली टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीने विमान बांधणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न ठेवला होता. चार्ल्स लिंडबर्ग, म्हणजे एकट्याने विमान चालवत अटलांटिक ओलांडणारा तोच वैमानिक, त्या कंपनीचा तांत्रिक सल्लागार होता. त्याने अट घातली, की आमच्या मार्गावरच्या कुठल्याही विमानतळावरून, पूर्ण भार घेऊन, एका इंजिनावर उड्डाण पूर्ण करता आलं पाहिजे. डग्लस कंपनीने आव्हान स्वीकारलं. १९३३ साली त्यांच्या नव्या डीसी-१ विमानाने अ‍ॅरिझोनातल्या विन्स्लोहून झेप घेतली, उडता उडता एक इंजिन मुद्दाम बंद केलं आणि उरलेल्या एकावर ते अल्बुकर्कीला पोचलं. विन्स्लो समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर आहे, तिथली हवा विरळ, म्हणजे परीक्षा अवघडच होती.

त्या डीसी-१ चा नातू म्हणजे डीसी-३. लष्करी पोशाखातला तोच डाकोटा. दहा हजारांहून जास्त बनले.

आणि १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री, विन्स्लोपेक्षा कितीतरी खाली, समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर असलेल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून, डिसेंबरच्या थंड आणि दाट हवेत, एक डाकोटा उडाला. एका इंजिनाची शक्ती गेली. दुसरं होतं. तरी तो पडला. चौदापैकी तेरा माणसं गेली.

या प्रकरणात आपण एवढंच समजून घेऊ, की जे विमान एका इंजिनावर उडायच्या अटीवरच जन्माला आलं, ते एक इंजिन गेल्यावर का पडू शकतं. आणि ‘का पडलं’ हा प्रश्न त्या काळी विचारायचा तर कोणाला विचारायचा.

२. रात्री जागणारं सोनेगाव

आधी हे, की नागपुरात मध्यरात्रीनंतर प्रवासी विमान करत काय होतं?

कारण टपाल. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी ती उचलून धरली होती. योजना नकाशाकडे पाहिलं की लगेच कळते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं, चारही विमानं नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मुंबईहून नागपूर विमानाच्या वाटेने साधारण सातशे किलोमीटर, दिल्लीहून साडेआठशे, मद्रासहून नऊशे, कलकत्त्याहून साडेनऊशेच्या आसपास. डाकोटाचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर. म्हणजे सर्वांत लांबच्या कलकत्त्यालाही साडेतीन तास. संध्याकाळी दादरला पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला निघू शकत होतं. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानाने न्यायचं धोरणही लागू झालं. ब्रिटिशांनी देशाचं मोजमाप करताना नागपुरात शून्य मैलाचा खांब रोवला त्याचा नागपूरकरांना मोठा अभिमान, पण त्या मध्यवर्तीपणाचा खरा रोकडा उपयोग कोणी केला असेल तर टपाल खात्याने.

थैल्यांबरोबर प्रवासीही असत. ते नागपूरला उतरत, अपरात्रीचा चहा-कॉफी घेत आणि आपल्या गावच्या विमानात जाऊन बसत.

सुरुवातीला ही सेवा खाजगी कंपन्यांकडे होती. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने मागे ठेवलेले डाकोटा स्वस्तात मिळत होते, त्यामुळे देशात विमान कंपन्या पावसाळ्यातल्या भूछत्रांसारख्या उगवल्या आणि तशाच डबघाईलाही आल्या. शेवटी सरकारने आठ कंपन्या एकत्र केल्या आणि १ ऑगस्ट १९५३ पासून ‘इंडियन एअरलाइन्स’ महामंडळ कामाला लागलं. वारशात ९९ विमानं मिळाली, त्यांतले ७४ डाकोटा. नागपूरची रात्रपाळीही त्याच वारशातली. पडलेल्या विमानाचा नोंदणी क्रमांक व्हीटी-सीएचएफ. महामंडळाला तेव्हा पाच महिनेही पुरे झाले नव्हते.

मृतांत कानपूरचे कामगार पुढारी आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. दहाही प्रवासी गेले, चार कर्मचाऱ्यांपैकी तिघे गेले. वाचला तो एकटा वैमानिक.

३. निम्मं बळ जातं, की जास्त?

आता हिशेबाकडे वळू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पण डाकोटाच्या प्रत्यक्ष वागण्यापासून ते फार लांब नाहीत.

एखाद्या घरात दोघं कमावतात. प्रत्येकी महिना नव्वद हजार. घराचा न टळणारा खर्च सत्तर हजार. दोघांचे मिळून एक लाख ऐंशी हजार येतात, सत्तर जातात, एक लाख दहा हजार शिल्लक. आता एकाची नोकरी गेली. उत्पन्न किती घटलं? निम्म्याने. आणि शिल्लक? एक लाख दहा हजारांवरून वीस हजारांवर. म्हणजे पगार निम्मा राहिला, पण बचत पाचव्या हिश्श्याहूनही कमी झाली. घर चालतं, पण त्यात दुखणं आलं, घरभाडं वाढलं, की तोल गेला.

विमानाचा न टळणारा खर्च म्हणजे हवेत नुसतं त्याच उंचीवर टिकून राहायला लागणारी शक्ती. उंची वाढवायची तर शिलकीतून. डाकोटाची दोन्ही इंजिनं १,२०० अश्वशक्तीची. प्रोपेलरच्या पात्यांतून जाताना त्यातला काही भाग वाया जातो, तेव्हा प्रत्येकी ९०० कामाला येतात असं धरू. भरलेलं विमान कमी वेगात नुसतं तरंगत ठेवायला ७०० लागतात असं धरू. दोन्ही इंजिनं चालू असताना शिल्लक १,१००. एक गेल्यावर २००.

या २०० मध्ये विमान किती वर चढेल? एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलायची ताकद. विमान आहे ११,४०० किलोंचं. दोनशे गुणिले पंचाहत्तर, भागिले अकरा हजार चारशे. उत्तर येतं सेकंदाला १.३ मीटर. दोन्ही इंजिनांवर तेच उत्तर सव्वासात मीटर होतं.

सेकंदाला १.३ मीटर चढणारं विमान पडत नाही, हे खरं. विन्स्लोचा डीसी-१ याच बारीकशा शिलकीवर अल्बुकर्कीला गेला. म्हणून तुमचा प्रश्न बरोबर आहे, दुसऱ्या इंजिनावर जाता येतं. फक्त त्या हिशेबात एक गोष्ट आपण गृहीत धरली: गेलेलं इंजिन नुसतं गेलं, त्याने मागे काही खर्च ठेवला नाही.

४. बंद पडलेला प्रोपेलर

ते तसं होत नाही. इंजिनातली शक्ती गेली तरी प्रोपेलर थांबत नाही. समोरून ताशी दीडशे किलोमीटरने येणारी हवा त्याला फिरवत राहते. आधी इंजिन प्रोपेलरला फिरवत होतं, आता प्रोपेलर इंजिनाला फिरवतो. चौदा सिलिंडरांचं थंडावत चाललेलं धूड फिरवायचं म्हणजे ताकद लागणारच, आणि ती येते विमानाच्या वेगातून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रोपेलर गरगरताना दिसतात; त्यांतला एक पुढे ओढत असतो आणि दुसरा मागे.

यावर उपाय आहे आणि तो डाकोटावर होता. प्रत्येक पातं स्वतःच्या आसाभोवती वळवता येतं. वैमानिकाने ठरावीक बटण दाबलं की तेलाच्या दाबाने पाती वळतात, त्यांची धार वाऱ्याच्या दिशेला येते, प्रोपेलर थांबतो आणि हवेचा अडथळा एकदम कमी होतो. पण पाती अशी वळायला काही सेकंद लागतात, आणि बटण दाबायचं हे ठरवायला त्याआधी काही सेकंद.

तोवरचा हिशेब पाहा. फुकट फिरणाऱ्या प्रोपेलरपायी २५० अश्वशक्ती जादा लागल्या असं धरू. शिल्लक होती २००. आता ५० ची तूट. चाकं अजून पोटात गेली नसतील तर त्यांचा अडथळा वेगळा, समजा आणखी १५०. एकूण तूट २००. म्हणजे विमान आता सेकंदाला १.३ मीटर चढत नाही, तेवढंच उतरतं. जमिनीपासून चाळीस मीटरवर हे सुरू झालं, तर वैमानिकाच्या हाती तीस सेकंद.

आणि वेग कमी झाला की तरंगण्याचा खर्चही वाढतो. वेग टिकवायला नाक खाली करावं, तर उंची जाते. उंची टिकवायला नाक वर ओढावं, तर वेग जातो. अगदी कमी वेगात पंखांवरून हवा नीट वाहीनाशी होते आणि पंख विमानाला उचलायचं सोडून देतात. जमिनीलगत घडणारे बरेचसे अपघात या नाक वर ओढण्याच्या स्वाभाविक इच्छेतून होतात. जमीन जवळ येताना दिसत असताना नाक खाली करायला मन तयार होत नाही.

५. कोणतं गेलं?

‘बटण दाबायचं’ म्हटलं खरं, पण दोन इंजिनांची दोन बटणं असतात.

वाचकाला वाटेल, वैमानिकाला एवढं कळू नये? इंजिनं पंखांवर, मधल्या धडापासून अंतरावर बसवलेली असतात. डावं गेलं की उजवं एकटंच पुढे ओढतं, आणि विमानाचं नाक जोरात डावीकडे वळू पाहतं. ते सरळ ठेवायला वैमानिक उजव्या पायाने सुकाणूचं पेडल दाबून धरतो. डाव्या पायाला काम उरत नाही. म्हणून शिकवताना सांगतात: जो पाय रिकामा, ते इंजिन मेलेलं. आधी हे ताडून पाहायचं, मग बटणाला हात लावायचा.

आता उड्डाणाचा क्षण डोळ्यांसमोर आणा. यंत्रांच्या काट्यांवरून नक्की अर्थ काढायला वेळ नाही, कारण शक्ती कमी झालेल्या इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्यावर फिरतच असतो आणि फेऱ्यांचा काटा खाली येत नाही. इंजिन एकदम बंद पडलं तर एक वेळ बरं. ते खोकत असेल, मधेच उचल खात असेल, तर ते बंद करायचं की त्याच्याकडून मिळेल तेवढं काम करून घ्यायचं, हा निर्णय त्याहून अवघड.

ही चूक जुन्या काळातच व्हायची असंही नाही. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७ पडलं. बिघाड डाव्या इंजिनात होता, बंद केलं गेलं उजवं. ४७ माणसं गेली. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत उड्डाण करताच ट्रान्सएशियाच्या विमानाचं एक इंजिन गेलं, यंत्रणेने त्याची पाती आपोआप वळवलीसुद्धा, आणि वैमानिकाने चांगलं चालणारं दुसरं बंद केलं. नदीत पडलेल्या त्या विमानाची चित्रफीत जगाने पाहिली. ४३ गेले. दोन्ही विमानांत काचेचे रंगीत पडदे होते किंवा निदान नवी यंत्रं होती, आणि तरीही.

नागपूरला असं झालं असा याचा अर्थ नाही. पण १९५३ च्या डाकोटात ना आपोआप पाती वळवणारी यंत्रणा, ना इशारा देणारा आवाज. सगळा भार दोन हात, दोन पाय आणि कानांवर.

६. अंधार

विमानतळावर परत का वळायचं नाही? कारण वळण घेताना विमान कलतं, आणि कललेल्या विमानाचा तरंगण्याचा खर्च पुन्हा वाढतो. मागे वळायला पुरेशी उंची लागते. ती नसेल तर शिकवण एकच: समोर, थोडं डावी-उजवीकडे, जिथे जागा दिसेल तिथे उतरा.

जिथे दिसेल तिथे. दिवसा सोनेगावच्या पुढे शेतं, माळ, नाला, झाडं दिसली असती. रात्री धावपट्टीचे दिवे मागे पडले की समोर काळोख. आज विमानतळाभोवती नागपूर पसरलं आहे, वर्धा रोडचा झगमगाट आहे. तेव्हा सोनेगाव शहराबाहेर होतं. उजेडातून अंधारात गेलेल्या डोळ्यांना क्षितिजही दिसत नाही, आणि क्षितिज दिसलं नाही तर विमान सरळ आहे की कललेलं हे शरीराला कळत नाही. अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भाग चक्क खोटी साक्ष देतो. त्या वेळी फक्त यंत्रांवर विश्वास ठेवायचा असतो, आणि त्याच वेळी खिडकीतून जागाही शोधायची असते. दोन्ही एकदम होत नाहीत.

७. मोडतोडीची साक्ष

वैमानिक वाचला, मग त्यालाच विचारलं असेल की. विचारतातच. पण तीस सेकंदांत घडलेल्या गोष्टींची आठवण, तीही जबर अपघातातून वाचलेल्या माणसाची, कितीही प्रामाणिक असली तरी अपुरी असते. विमानात ना संभाषण टिपणारं यंत्र होतं, ना वेग-उंचीची नोंद ठेवणारं. १९५३ मध्ये जगातल्या कुठल्याच प्रवासी कंपनीत ‘ब्लॅक बॉक्स’ची आजच्यासारखी सक्ती नव्हती. १९३७ च्या विमान नियमांखाली चौकशी करणारे अधिकारी अवशेषांकडेच वळत.

अवशेष बरंच बोलतात. जोरात फिरणारा प्रोपेलर जमिनीला लागला तर त्याची सगळी पाती सारख्या तऱ्हेने पिळवटतात. थांबलेला लागला तर एखाददुसरं पातं मागे वाकतं, बाकीची जवळजवळ शाबूत. पात्याच्या बुडाशी पाहिलं की ते कोणत्या कोनात होतं हे कळतं, म्हणजे बटण दाबलं गेलं होतं का, याचं उत्तर निघतं. इशाऱ्याचा छोटा दिवा आदळताना पेटलेला असेल तर आतली तापलेली तार ताणून लांबते. विझलेला असेल तर तशीच तुटते. प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एका इंजिनाला २८ स्पार्क प्लग. त्यांवरची काजळी इंजिन कसं जळत होतं ते सांगते. टाकीच्या तळाशी पाणी होतं का, तेही बघतात. मात्र पेट्रोलमध्ये उतरलेलं पाणी, क्षणभर अडकलेली झडप असली कारणं अनेकदा पुरावा न ठेवताच निघून जातात. ‘इंजिनाची शक्ती गेली’ इथवर पोचता येतं; ती का गेली आणि उरलेली पुरली का नाही, यासाठी त्या तीस सेकंदांत कॉकपिटमध्ये काय झालं ते कळावं लागतं.

अवशेषांवरून काढलेलं उत्तर पुरं असतंच असं नाही, याचं उदाहरण त्याच वर्षीचं आणि भारतातलंच. २ मे १९५३ ला कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेलं बीओएसी कंपनीचं कॉमेट जेट वादळात मोडून पडलं. सगळे ४३ जण गेले. जगातली जेट प्रवासी सेवा सुरू होऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. चौकशीने कारण दिलं वादळी झोताचं. पटण्यासारखंच होतं. पण १० जानेवारी १९५४ ला एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट चांगल्या हवेत फुटली. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवून त्याच्या आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवला, उतरवला. ३,०५७ उड्डाणांएवढा ताण झाल्यावर पत्रा फाटला. धातू थकतो, हे इंजिनिअरांना माहीत होतं. इतक्या लवकर थकेल हे नव्हतं. कलकत्त्याच्या वादळाकडेही मग लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले.

या कॉमेट प्रकरणाच्या चर्चेत मेलबर्नच्या प्रयोगशाळेतला एक इंधनतज्ज्ञ बसायचा, डेव्हिड वॉरन. सगळे तर्क करताहेत, आणि ज्यांना माहीत होतं ते बोलू शकत नाहीत, हे पाहून त्याला वाटलं, कॉकपिटमधलं बोलणं सतत टिपणारं यंत्र विमानात का असू नये? वॉरन नऊ वर्षांचा असताना, १९ ऑक्टोबर १९३४ ला, त्याचे वडील ‘मिस होबार्ट’ या प्रवासी विमानातून टास्मानियाहून निघाले. बास सामुद्रधुनीवर ते विमान बारा माणसांसह नाहीसं झालं आणि पुन्हा सापडलं नाही. १९५८ पर्यंत वॉरनने चार तासांचं बोलणं आणि यंत्रांची मापं टिपणारा नमुना तयार केला. त्याच्या देशात सुरुवातीला कोणी विचारलं नाही, वैमानिकांना तर तो हेर वाटला.

ब्लॅक बॉक्स आला म्हणून प्रश्न संपले, असंही कोणी समजू नये. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून उडालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ काही सेकंदांत पडलं. विमानातल्या २४२ पैकी एक जण वाचला. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात सेकंदासेकंदाची नोंद आहे: दोन्ही इंजिनांचं इंधन तोडणारे स्विच एकापाठोपाठ ‘बंद’ स्थितीत गेले, एका वैमानिकाने दुसऱ्याला ते का बंद केलेस असं विचारलं, दुसऱ्याने मी केले नाहीत असं सांगितलं. काय झालं ते नागपूरच्या चौकशीला स्वप्नातही मिळालं नसतं इतकं नेमकं समजलं. का झालं, हे त्या अहवालाने सांगितलं नाही.

८. तिकिटावरची अट

नागपूरच्या अपघाताचा शोध विमानतळावरच थांबला नाही. तो कलकत्ता उच्च न्यायालयात गेला, आणि तिथे प्रश्नच बदलला.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अपघाताची चौकशी पुन्हा तसं होऊ नये म्हणून करायची असते, कोणाला दोषी ठरवण्यासाठी नव्हे. भरपाईचा दावा ही स्वतंत्र गोष्ट. तिथे जबाबदार कोण हेच विचारायचं असतं.

अपघातात गेलेल्या एका तरुण व्यावसायिकाच्या पत्नीने महामंडळाविरुद्ध दावा लावला. त्यावरच्या अपिलाचा निकाल विधी महाविद्यालयांत अजून शिकवतात. मुद्दा तिकिटावर छापलेल्या अटीचा होता: प्रवाशाला इजा झाली वा मृत्यू आला, अगदी आमच्या माणसांच्या हलगर्जीपणाने आला, तरी महामंडळ जबाबदार राहणार नाही. अशी अट चालते का?

न्यायालयाने एकेक कायदा तपासला. १९३४ चा हवाई वाहतुकीचा कायदा होता, पण तो देशाबाहेरच्या प्रवासाला. लंडनला निघालेल्या प्रवाशाला त्याचं संरक्षण, नागपुरात विमान बदलणाऱ्याला नाही. १८६५ चा वाहकांचा कायदा जमिनीवरून आणि देशातल्या जलमार्गांवरून माल नेणाऱ्यांसाठी. करार कायद्यात दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंची काळजी घ्यायची कलमं आहेत, पण प्रवासी ही वस्तू नव्हे. उरला तो दोघांतला करार, म्हणजे तिकीट. आणि तिकीट घेतलं म्हणजे अट मान्य केली. महामंडळाचं अपील मंजूर झालं.

अट वाजवी आहे असं न्यायालयाने म्हटलं एवढ्यावरून त्याला बोल लावणं सोपं आहे. माझ्या मते दोष संसदेचा होता. विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यासाठी कायदा केला, पण देशातल्या देशात उडणाऱ्या प्रवाशाचं काय, याचं कलम लिहायचं राहून गेलं. मालक सरकार, कायदा करणारं सरकार आणि तिकिटावरची अटही त्याच सरकारच्या महामंडळाची.

१९७२ साली हवाई वाहतुकीचा नवा कायदा आला. ३० मार्च १९७३ च्या अधिसूचनेने तो काही फेरफारांसह देशांतर्गत प्रवासालाही लावण्यात आला. प्रवासी गेला तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक झालं, आणि ती जबाबदारी झटकणारी अट तिकिटावर छापली तरी तिला अर्थ उरला नाही. हा बदल पुढच्या प्रवाशांसाठी होता. सोनेगावचा दावा त्याच्या आधीच निकाली निघाला होता.